बॅले नर्तकाची कला कशी पाहावी

बॅलेच्या प्रयोगात पुरुष नर्तकाला हमखास टाळ्या मिळतात त्या उडीला, आणि नवखा प्रेक्षक तो किती उंच गेला एवढेच पाहत राहतो. नुसती उंचीच पाहायची तर मैदानी खेळ पुष्कळ आहेत. नर्तकाची कला ओळखायची असेल, तर उडीच्या आधीचा आणि नंतरचा क्षण टिपण्याची सवय डोळ्यांना लावावी लागते.

सुरुवात उतरण्यापासून करावी. उत्तम नर्तक जमिनीवर येताना आधी बोटे, मग चवडा आणि शेवटी टाच टेकवतो, आणि त्याच ओघात गुडघे वाकवून धक्का जिरवतो. या वाकण्याला ‘प्लिए’ म्हणतात आणि पुढची उडीही त्यातूनच निघते. म्हणून कानही उघडे ठेवावेत: वाद्यवृंद हळुवार वाजत असताना पावलांचा धप्प आवाज आला, तर ती उडी कितीही उंच असली तरी मी तिला अपुरीच मानतो. ‘तूर आँ लेर’, म्हणजे शरीर ताठ ठेवून हवेत घेतलेली गिरकी, ही याची खरी कसोटी. पुरुष नर्तक बहुधा अशा दोन गिरक्या एका उडीत घेतो. त्यानंतर दोन्ही पावले एकमेकांना भिडून पाचव्या स्थितीत, म्हणजे बाहेर वळलेली आणि एकापुढे एक अशी, नेमकी बसली, की तोल सावरताना एखादे सरकले, हे पाहून घ्यावे.

नर्तक हवेत क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, त्यामागे भौतिकशास्त्र आहे. जमीन सुटल्यावर शरीराच्या गुरुत्वमध्याचा मार्ग बदलता येत नाही. मात्र ‘ग्राँ जते’ या लांब झेपेत सर्वोच्च बिंदूजवळ पाय आणि हात वर उचलले, की गुरुत्वमध्य शरीरात वर सरकतो आणि डोके व धड काही काळ जवळजवळ एकाच पातळीवरून पुढे जातात. पुढच्या वेळी पायांऐवजी नर्तकाच्या डोक्याकडे पाहावे, म्हणजे हा आभास कसा रचला जातो ते कळेल. ‘पिरुएत’मध्ये, म्हणजे एका पायावर घेतलेल्या गिरकीत, मात्र गिरक्या मोजत बसू नये. शेवटची गिरकी संगीताच्या नेमक्या ठोक्यावर थांबली का, एवढे पुरे.

युगुलनृत्यात तो नर्तिकेला कसा आधार देतो, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तिचा तोल ढळण्याआधीच त्याचा हात तिथे पोहोचलेला असावा आणि तरीही तो आपल्या नजरेत भरू नये. ‘जिझेल’ या बॅलेच्या दुसऱ्या अंकात ‘विली’, म्हणजे लग्नाआधीच मेलेल्या तरुणींची भुते, नायक आल्ब्रेख्टला मरेपर्यंत नाचवू पाहतात, काही सादरीकरणांत तो तेव्हा ‘आँत्रशा’, म्हणजे हवेतच पायांची झरझर अदलाबदल करणाऱ्या उड्या, एकामागून एक घेतो. तिथे त्याचे पाय अचूक राहायला हवेत आणि थकवा खांद्यांतून, मानेतून दिसायला हवा. दोन्ही साधणारे थोडे.

यानंतर तुलना करावी. रुडॉल्फ नुरेयेव्ह आणि मिखाईल बारिश्निकोव्ह हे दोघेही नर्तक लेनिनग्राडमध्ये अलेक्सांद्र पुश्किन या एकाच गुरूकडे शिकले; पहिल्याने 1961 मध्ये पॅरिसमध्ये आणि दुसऱ्याने 1974 मध्ये कॅनडात सोव्हिएत संघाकडे पाठ फिरवली. दोघांची चित्रणे पाठोपाठ पाहिली, तर नुरेयेव्ह उडीपूर्वीची तयारीही प्रेक्षकाला दिमाखाने दाखवतात, तर बारिश्निकोव्ह यांची तयारी आधीच्या पावलातच विरघळलेली असते, असे मला दिसते.

त्यांच्याही आधीचे नर्तक वात्स्लाव निजिन्स्की यांच्या नृत्याचे चित्रण उपलब्ध नाही, केवळ छायाचित्रे आहेत. 1911 मध्ये ‘ल स्पेक्त्र द ला रोझ’ या बॅलेच्या अखेरीस खिडकीतून घेतलेल्या झेपेमुळे गाजलेल्या या नर्तकाने पुढच्याच वर्षी स्वतः रचलेल्या ‘फॉन’ या बॅलेमध्ये उड्या जवळजवळ वर्ज्य केल्या. ‘फॉन’च्या छायाचित्रांत ताठ जोडलेली बोटे, एका बाजूला वळलेले डोके आणि प्रेक्षकांकडे फिरवलेले धड निरखावे.