जपानी कागदी नोटा ओळखताना आणि विकत घेताना या चुका टाळा

जपानी नोट हातात आली की आपली नजर आधी चेहऱ्यावर जाते. हा मिशीवाला कोण, ही बाई कोण, मागे फुजी पर्वत आहे का. हौस म्हणून ठीक आहे, पण नोटेची ओळख तिथून सुरू केली की पुढचं सगळं चुकत जातं. जपानमध्ये चारशे वर्षांत तीर्थक्षेत्रातल्या पुजारी-व्यापाऱ्यांनी नोटा काढल्या, संस्थानांनी काढल्या, एकोणिसाव्या शतकातल्या सम्राट मेइजींच्या सरकारने काढल्या, खासगी बँकांनी काढल्या, मग बँक ऑफ जपानने आणि युद्धात जिंकलेल्या मुलखांसाठी पुन्हा सरकारने. तेव्हा नोट कुणी काढली हे आधी पाहायचं, चेहरा नंतर. खालच्या बऱ्याचशा चुका हा क्रम उलटा केल्यामुळेच होतात.

नवी नोट आली म्हणजे जुनी बाद झाली, असं समजणं

२०१६ ची नोटबंदी अंगावर घेतलेल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. ३ जुलै २०२४ ला जपानमध्ये तीन नव्या नोटा आल्या: दहा हजारांवर शिबुसावा एइची, पाच हजारांवर त्सुदा उमेको, हजारावर कितासातो शिबासाबुरो. (हे कितासातो म्हणजे १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणाऱ्यांपैकी एक. दोनच वर्षांनी तो प्लेग मुंबईत उतरला.) त्याबरोबर फुकुझावा युकिचींची दहा हजारांची नोट बंद झाली, असा आपल्याकडे अनेकांचा समज आहे. झालेली नाही. तिची छपाई थांबली, ती चलनात चालूच आहे. १९८४ च्या मालिकेतली नात्सुमे सोसेकींची हजाराची नोटही चालते आणि १९५८ ची शोतोकु राजपुत्राची दहा हजारांचीसुद्धा. जपानमध्येही या गैरसमजावर भामट्यांनी हात मारायचा प्रयत्न केला: ‘जुन्या नोटा बंद होणार, आमच्याकडे जमा करा.’ त्याविरुद्ध तिथल्या सरकारला आणि बँकेला लोकांना सावध करावं लागलं.

तेव्हा तिकडे नोकरी करून परतलेल्या काकांच्या कपाटात जुन्या येन नोटा असतील, तर त्या पडेल भावाने विकू नका. इथला मनी चेंजर त्या नाकारू शकतो, तिकीट यंत्रही परत बाहेर फेकेल. पण जपानमधल्या बँकेत त्या पूर्ण किमतीला बदलता येतात.

जुनी प्रत्येक नोट चालते, असं समजणं

ही वरच्याची उलटी चूक. जपाननेही एक नोटबंदी केलेली आहे आणि ती आपल्यापेक्षा कडक होती. युद्ध हरल्यावर महागाई हाताबाहेर गेली, तेव्हा फेब्रुवारी १९४६ मध्ये सरकारने बँकांतल्या ठेवी गोठवल्या. मोठ्या रकमांच्या जुन्या नोटा बँकेत भरायला लावल्या आणि मार्चच्या सुरुवातीला त्या बाद केल्या. खात्यातून महिन्याला कुटुंबप्रमुखाला ३०० येन आणि घरातल्या बाकी प्रत्येकाला १०० येन, एवढेच काढता येत. नव्या नोटा वेळेत छापून झाल्या नव्हत्या, म्हणून जुन्याच नोटांवर टपाल तिकिटाएवढा कागद चिकटवून त्या काही महिने ‘नव्या’ म्हणून चालवल्या. असा तुकडा चिकटलेली नोट संग्रहात आली, तर कुणीतरी खराब केलेली म्हणून तो सोलायला जाऊ नका. त्या नोटेत बघण्यासारखं तेवढंच आहे!

या छाटणीतून एक येनच्या नोटा सुटल्या. त्यामुळे १८८५ ची एक येनची नोट कायद्याने आजही एक येनला चालते. त्याच मालिकेतली दहा येनची नोट मात्र केव्हाच बाद झालेली आहे. आता दहा लाखांत एक माणूसही ती एक येनची नोट दुकानात देणार नाही, कारण संग्राहक तिला कितीतरी पट मोजतात. पण ‘बाद नोट आहे, काय तिची किंमत’ असं सांगून कुणी ती तुमच्याकडून घेऊ पाहत असेल, तर माहीत असलेलं बरं.

दाइकोकुच्या नोटेवरचे डाग आणि भोकं

ती १८८५ ची मालिका म्हणजे बँक ऑफ जपानच्या पहिल्या नोटा. बँक १८८२ मध्ये स्थापन झाली आणि नोटांवर आला दाइकोकु, हातात हातोडा घेऊन भाताच्या पोत्यांवर बसलेला धनदेव. हा मूळचा आपला महाकाल. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचेपर्यंत त्याचं रौद्र रूप गळालं आणि तो गुबगुबीत, हसरा झाला. उंदीर त्याचा सेवक, म्हणून एक येनच्या नोटेत पोत्यांशी उंदीरही आहेत.

कागद मजबूत व्हावा म्हणून लगद्यात कोन्याकु नावाच्या कंदाचं पीठ घातलं होतं. झालं असं की खरेखुरे उंदीर आणि किडे या नोटा आवडीने खाऊ लागले. शिवाय नक्कल रोखण्यासाठी वापरलेल्या शाईत शिशाचा अंश होता. गरम पाण्याच्या कुंडांच्या गावी हवेत गंधकाचा वायू असतो, तिथे ही शाई काळी पडे. थोडक्यात, देशाच्या मध्यवर्ती बँकेची पहिली नोट उंदरांनी कुरतडली आणि वाफेने काळी केली. म्हणून या नोटेवर कुरतडल्याच्या खुणा किंवा काळपट छटा दिसली, तर लगेच ‘खोटी’ किंवा ‘रसायनात बुडवलेली’ असा निकाल देऊ नका. उलट ती कोरी करकरीत आणि स्वस्तात मिळत असेल, तेव्हा थांबा.

चेहऱ्यावरून काळ आणि देश ठरवणं

१८८१ च्या एक येनच्या सरकारी नोटेवर सम्राज्ञी जिंगू आहे. जपानी नोटेवरचं हे पहिलं व्यक्तिचित्र. पण चेहरा पाहिला तर बाई युरोपियन वाटते! अनेक जण त्यावरूनच नोट परदेशी किंवा बनावट ठरवतात. कारण साधं आहे: चित्र कोरलं इटालियन एदोआर्दो कियोस्सोनेने. जिंगू दंतकथेतली राणी, तिचं खरं चित्र कुठून मिळणार? जन्मभर युरोपियन चेहरे कोरलेल्या हाताने जसा जमला तसा चेहरा दिला.

कियोस्सोने १८७५ मध्ये तोक्योला आला, त्याला कारण आधीचा अनुभव. १८७२ च्या सरकारी नोटा फ्रँकफुर्टच्या डोंडॉर्फ अँड नाउमान छापखान्यातून आल्या होत्या, त्यांना लोक ‘जर्मन नोटा’च म्हणत. त्यापुढच्या राष्ट्रीय बँकांच्या नोटा न्यूयॉर्कला छापल्या. जर्मन कागद जपानच्या दमट हवेत टिकेना, रंग उडू लागले, नकला निघाल्या. तेव्हा परदेशातून नोटा आणण्यापेक्षा कारागीरच आणावा असं ठरलं. (आपल्या नोटा इंग्लंडहून यायच्या त्या नाशिकरोडला छापल्या जायला १९२८ उजाडलं.) कियोस्सोने परत गेलाच नाही. १८९८ मध्ये तो तोक्योतच वारला आणि आओयामाच्या दफनभूमीत आहे.

याच नोटेवर दुसरा फास आहे. तिच्यावर मेइजी ११ म्हणजे १८७८ हे साल छापलंय, पण ती लोकांच्या हाती आली १८८१ ला. जपानी साल सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजतात; त्याचं इसवी सन काढायला मेइजीत १८६७, ताइशोत १९११ आणि शोवात १९२५ मिळवतात. हे गणित बरोबर असूनही नोट बाहेर पडल्याचं साल वेगळं असू शकतं. १९५० पासूनच्या नोटांवर तर साल छापतच नाहीत, तिथे मालिका ओळखावी लागते.

आणि ‘जपानी नोटेवरची पहिली स्त्री २००४ ची लेखिका हिगुची इचियो’ असं वाचलंत, तर प्रश्न तोच: नोट कुणाची? बँक ऑफ जपानच्या नोटांपुरतं ते खरं आहे. जिंगूची नोट सरकारची होती.

शोतोकु दिसला की ‘ही फार जुनी’

शोतोकु राजपुत्र १९३० मध्ये शंभर येनवर आला आणि १९५८ पर्यंत शंभर, हजार, पाच हजार, दहा हजार अशा वेगवेगळ्या नोटांवर येतच राहिला. युद्धानंतर अमेरिकन अधिकाऱ्यांनी राष्ट्रवादी वळणाच्या व्यक्ती नोटांवरून काढायला लावल्या, तेव्हाही तो टिकला. आपल्या सतरा कलमांच्या घटनेत सलोख्याला पहिलं स्थान देणारा हा माणूस, असं त्याच्या बाजूने सांगितलं गेलं. त्यामुळे नुसता त्याचा चेहरा काळाबद्दल काहीच सांगत नाही. १९४६ ची शंभरची नोट तर घाईत १९३० च्याच चित्रावरून केलेली आहे. रक्कम, रंग आणि शिक्का हे तिन्ही ताडून पाहिल्याशिवाय विक्रेत्याच्या ‘युद्धापूर्वीची’ या शब्दावर पैसे मोजू नका.

मागची बाजू कोरी, म्हणजे छपाईची चूक?

१९२७ च्या एप्रिलमध्ये जपानी बँकांसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. एकामागून एक बँका बुडत होत्या. अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांनी तीन आठवडे देणी स्थगित केली, आणि त्या अवधीत नोटा कमी पडू नयेत म्हणून दोनशे येनची नवी नोट छापून घेतली. वेळ इतका कमी की फक्त पुढची बाजू छापली, मागची तशीच पांढरी. बँका उघडल्या तेव्हा या नोटांचे ढीग लोकांना दिसतील असे मांडले होते आणि गर्दी ओसरली. ही नोट खरी, अधिकृत आणि दुर्मीळ आहे. म्हणूनच तिच्या नकलाही निघतात, आणि एका बाजूच्या नोटेची नक्कल करणं सोपं. तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय घेऊच नये अशी ही नोट. ताकाहाशींना १९३६ च्या लष्करी बंडात गोळ्या घातल्या गेल्या. पुढे १९५१ च्या पन्नास येनच्या नोटेवर त्यांचाच चेहरा आला.

रुपयांतली ‘जपानी’ नोट

आपल्याकडे सर्वांत जास्त फसगत इथे होते. नाण्यांच्या प्रदर्शनात किंवा ऑनलाइन विक्रीत एक नोट हमखास दिसते: इंग्रजीत जपानी सरकारचं नाव, रक्कम मात्र रुपयांत. ‘नेताजींच्या काळातली’, ‘आझाद हिंदची’ असं सांगून ती भलत्या किमतीला खपवतात.

ही जपानने १९४२ पासून व्याप्त ब्रह्मदेशासाठी काढलेली नोट. तिथे आधी रुपयाच चालत होता, म्हणून हिच्यावरही रुपया. जपानमध्ये ती कधी चालली नाही. तिच्यावर सहसा अनुक्रमांक नसतो, नुसती रोमन अक्षरं असतात आणि पहिलं अक्षर मुलूख सांगतं: बी म्हणजे बर्मा, एम म्हणजे मलाया, पी म्हणजे फिलिपिन्स. मलायाच्या दहा डॉलरच्या नोटेवर केळीचं झाड आहे, त्यावरून तिथले लोक या चलनाला ‘केळीचा पैसा’ म्हणत. बेसुमार छापल्यामुळे आणि युद्ध संपताच शून्य झाल्यामुळे त्या ढिगांनी उरल्या. आझाद हिंद बँक रंगूनला एप्रिल १९४४ मध्ये निघाली ती निराळी गोष्ट. ब्रह्मदेशाची रुपयाची नोट संग्रहात जरूर ठेवा, पण चहा-वड्याच्या हिशोबात मिळते तोवरच.

लांबट जाड पट्टी म्हणजे मंत्राची चिठ्ठी नव्हे

पुस्तकात ठेवायच्या खुणेसारखी उभी, जाड कागदाची, लाल-काळे शिक्के मारलेली पट्टी दिसली तर ती बहुधा हान्सात्सु, म्हणजे संस्थानाची नोट. हिचे पूर्वज इसे तीर्थक्षेत्राजवळच्या यामादा गावचे, सन १६०० च्या सुमाराचे. फुकुइ संस्थानाने १६६१ मध्ये स्वतःच्या नोटा काढल्या आणि मग लाटच आली. देशाचा लष्करी शासक असलेल्या शोगुनने १७०७ मध्ये बंदी घातली, १७३० मध्ये उठवली. १८७१ मध्ये संस्थानं खालसा झाली तेव्हा नोटा काढणारी दोनशेवर होती. त्यातल्या काहींवर मेइजी सरकारने सेन-रिन या येनच्या लहान भागांतल्या किमतीचा शिक्का मारून त्या आणखी काही काळ चालू ठेवल्या. मूळ छपाईवर आडवा-तिडवा उमटलेला हा शिक्का दोष नाही, उलट नोटेचं वय सांगणारी खूण आहे.

इस्त्री, लॅमिनेशन आणि दोन हजार येन

जपानी नोटेची शाई उठावदार असते, बोट फिरवलं की खरखर लागते. घडी घालवायला इस्त्री फिरवली की तो उठाव दबतो आणि जाणकाराला ते लगेच कळतं. लॅमिनेशन करणं म्हणजे नोट मारूनच टाकणं. कागदात मित्सुमाता झुडपाच्या सालीचा धागा असतो (आता बराचसा नेपाळहून येतो), त्यामुळे तो मुळातच पिवळसर असतो. ‘स्वच्छ’ करण्याच्या फंदात पडू नका. ट्यूबलाइटसारखा पांढराशुभ्र कागद दिसला तर संशय घ्या.

जपानला जाणाऱ्यांसाठी: दोन हजार येनची नोट मिळाली तर दचकू नका. २००० साली ओकिनावाच्या शिखर परिषदेच्या निमित्ताने ती निघाली, पुढच्या बाजूला ओकिनावातला शुरेइमोन दरवाजा आहे. खरी आहे, चालते, पण यंत्रं कुरकुरतात.

फाटलेल्या नोटेचा नियम क्षेत्रफळावर आहे. दोनतृतीयांश किंवा जास्त भाग शिल्लक असेल तर पूर्ण किंमत, दोनपंचमांश ते दोनतृतीयांश असेल तर निम्मी, त्याहून कमी तर काही नाही. जळालेल्या नोटेची राखही, ती त्याच नोटेची आहे हे ओळखता आलं तर, मोजमापात धरतात. म्हणून राख झटकायची नाही, डब्यात भरून बँक ऑफ जपानच्या खिडकीवर न्यायची.