कचरा वेगळा करताना या चुका टाळा, कारण त्यांची झळ दुसऱ्यांना बसते

कचऱ्याबाबत आपण ज्या चुका करतो त्या घरात दिसत नाहीत. डबा रिकामा झाला, गाडी निघून गेली, की आपले काम संपते. चुकीचा परिणाम होतो तो कचरा जिथे पोचतो तिथे: तो उपसणाऱ्यांच्या हातांवर, शेजारच्या वस्तीच्या श्वासावर, जमिनीखालच्या पाण्यावर. म्हणून इथे प्रत्येक चूक मी एकाच प्रश्नाने तपासली आहे: ही चूक झाली तर भोगणार कोण?

ओले-सुके एकाच पिशवीत

बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून जन्माला येतात. उरलेले अन्न, फळांच्या साली आणि कागद एकत्र पडले की तेल आणि ओल कागदात मुरते. तो कागद लगद्यासाठी निकामी होतो. ज्या वस्तूंना थोडा तरी भाव मिळाला असता त्याही घाणीत लडबडतात, आणि त्या वेगळ्या करणाऱ्या माणसाला सडलेल्या ढिगात हात घालावा लागतो.

खरे नुकसान त्यानंतर सुरू होते. ओला कचरा ढिगाखाली गाडला गेला की तिथे हवा पोचत नाही. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवतात आणि त्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट तापमानवाढ घडवतो, वीस वर्षांच्या हिशोबात 80 पटीहून जास्त. हाच वायू कचरा डेपोतल्या आगी धुमसत ठेवतो. वरून पाऊस पडला की पाणी ढिगातून झिरपताना अमोनिया, आम्ले आणि जड धातू सोबत घेऊन खाली उतरते. तळाला अस्तर नसेल तर हा काळा द्रव भूजलात जातो.

आणि ढीग कोसळतातही. 10 जुलै 2000 रोजी फिलिपिन्समधल्या पायातास इथे पावसानंतर कचऱ्याचा डोंगर झोपड्यांवर घसरला आणि 200 हून अधिक माणसे गेली. 21 फेब्रुवारी 2005 रोजी इंडोनेशियातल्या लेउविगाजाह इथे 140 हून अधिक. 11 मार्च 2017 रोजी इथिओपियाच्या राजधानीत, कोशे इथे, 110 हून अधिक. गाडले गेलेल्यांत त्याच कचऱ्यावर पोट भरणारी आणि त्याच्या पायथ्याशी राहणारी माणसे मोठ्या संख्येने होती. तो कचरा करणारे दूर राहत होते.

उपाय साधा आहे, पण तो रोज पाळावा लागतो. ओल्या कचऱ्याचा डबा वेगळा ठेवा, आत प्लास्टिकची पिशवी घालू नका, तळाशी जुना कागद अंथरा म्हणजे पाणी गळणार नाही.

"आम्ही वेगळा करतो, पण गाडीत सगळे एकत्रच टाकतात" ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती खरी असते. अशा वेळी वर्गीकरण सोडून देणे ही दुसरी चूक ठरते. ओला कचरा घरात किंवा इमारतीच्या आवारात जिरवायला सुरुवात करा. मग बाहेर फक्त सुका कचरा जातो आणि तो गाडीत कशात मिसळला तरी तुमच्याकडून सडणारे काहीच गेलेले नसते. गाडीविषयीची तक्रार सोबत चालू ठेवावीच, तीही लेखी.

घरच्या खताला वास येतो म्हणून अनेक जण महिनाभरात नाद सोडतात. आंबूस किंवा अमोनियासारखा वास म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी. वाळका पाला, भुसा किंवा पुठ्ठ्याचे तुकडे मिसळा आणि ढीग खालीवर करा. कार्बन आणि नायट्रोजनचे प्रमाण 25 ते 30 ला 1 असे असले की कुजणे चांगले चालते. मोजत बसायची गरज नाही, ओल्याच्या प्रत्येक थरावर सुक्याचा जाड थर दिला की जमते. चिलटे झाली तरी हाच उपाय. आणि काहीच कुजत नसेल तर ढीग कोरडा पडला आहे, पाणी शिंपडा. "कंपोस्ट होणारे" म्हणून विकले जाणारे चमचे आणि पेले मात्र त्यात टाकू नका. त्यातले बरेचसे पॉलिलॅक्टिक अॅसिडचे, म्हणजे वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकचे असतात आणि त्यांना 60 अंशांच्या आसपास तापमान बराच काळ लागते. घरच्या डब्यात तेवढी उष्णता टिकत नाही.

त्रिकोणाचे चिन्ह पाहून निर्धास्त होणे

प्लास्टिकच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात 1 ते 7 पैकी एक आकडा असतो. तो फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. वस्तूचे रिसायकलिंग होईल अशी हमी त्यात नाही. 1988 मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने हे आकडे आणले, आणि बाणांमुळे झालेला गैरसमज अजून पुरता गेलेला नाही. 1 म्हणजे पीईटी आणि 2 म्हणजे एचडीपीई यांना बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक असते, 5 ला काही ठिकाणी. 3 म्हणजे पीव्हीसी, 6 म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि 7 मधली सरमिसळ यांना क्वचितच कोणी विचारतो. प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर चिकटवलेली वेष्टने वेगळी करणे तर जवळपास अशक्य असते.

"टाकून तर बघू, कोणीतरी वापरेल" या भाबड्या आशेचा भार वर्गीकरण केंद्रावर पडतो. पातळ पिशव्या यंत्राच्या फिरत्या दांड्यांना गुंडाळल्या जातात, यंत्र थांबते आणि कामगाराला आत उतरून त्या कापून काढाव्या लागतात.

1950 पासून 2015 पर्यंत जगात जेवढा प्लास्टिक कचरा झाला, त्यातला सुमारे 9 टक्केच रिसायकल झाला. सुमारे 12 टक्के जाळला गेला, उरलेला जमिनीत, पाण्यात किंवा ढिगांत आहे. श्रीमंत देशांनी वर्षानुवर्षे ज्याला रिसायकलिंग म्हटले ते बऱ्याचदा कचरा जहाजात भरून पाठवणे होते. 2018 च्या सुरुवातीला चीनने दारे बंद केली तेव्हा ही जहाजे मलेशिया, थायलंड, व्हिएतनामकडे वळली. मलेशियातल्या जेंजारोम या गावाभोवती बेकायदा कारखाने उभे राहिले, न खपणारे प्लास्टिक रात्री जाळले जाऊ लागले आणि श्वासाच्या तक्रारी घेऊन गावकरीच रस्त्यावर उतरले. त्यानंतर 2019 मध्ये बाझल करारात, म्हणजे घातक कचऱ्याच्या एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या वाहतुकीवरच्या आंतरराष्ट्रीय करारात, दुरुस्ती झाली. 2021 पासून मिसळलेला, घाण प्लास्टिक कचरा घेणाऱ्या देशाच्या पूर्वसंमतीशिवाय पाठवता येत नाही.

म्हणून आकड्यावर विसंबू नका. तुमच्याकडचा सुका कचरा जो प्रत्यक्ष घेतो त्याला विचारा: तू काय विकतोस, आणि काय फेकून देतोस? त्याच्या उत्तराप्रमाणे डबे लावा. बाटल्या-डबे एकदा विसळून कोरडे केले की पुरे, चकचकीत करण्यात पाणी घालवू नका. जे तो फेकून देतो ते विकत घेणे कमी करणे, एवढाच खरा मार्ग उरतो. अॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी: ते पुन्हा वितळवायला नव्या धातूच्या तुलनेत सुमारे 95 टक्के ऊर्जा कमी लागते आणि कितीही वेळा वितळवता येते. त्याचा एकही डबा वाया घालवू नका.

रिसायकलिंग म्हणजे चांगलेच, असे समजणे

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हा आहे. सेनेगलमध्ये डकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्यांमधले शिसे काढण्याचा धंदा चालत असे. शिशाचा भाव वाढला तेव्हा बायका शिसे मिसळलेली माती गोळा करून घराघरात चाळू लागल्या. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या काळात तिथली 18 मुले दगावली. हेही रिसायकलिंगच होते. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित, असे म्हणता येत नाही. मुलांच्या शरीरात ते मोठ्यांच्या चार-पाच पट प्रमाणात शोषले जाते आणि मेंदूला झालेली इजा भरून येत नाही.

इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचेही तसेच. 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या फक्त 22.3 टक्क्यांची नोंदणीकृत पद्धतीने हाताळणी झाली. घाना देशातल्या आग्बोग्ब्लोशी इथे तांबे मिळवण्यासाठी तरुण पोरे वायरी उघड्यावर जाळत. 2019 मध्ये तिथल्या कोंबड्यांची अंडी तपासली तेव्हा त्यांत डायऑक्सिन या अत्यंत विषारी रसायनांचे प्रमाण अतिशय जास्त आढळले.

आपली चूक कुठे होते? जो सर्वांत जास्त पैसे देईल त्याला बॅटरी किंवा जुना संगणक देऊन टाकण्यात. भट्टी, धूर गाळणी, आम्ल निचऱ्याची सोय यांवर खर्च करणारा माणूस जास्त भाव देऊ शकत नाही. जो देतो, तो अनेकदा आम्ल जमिनीत ओतून देतो. शिशाची बॅटरी नवी घेताना जुनी विक्रेत्याकडेच परत करा आणि पावती मागा. घरी ती फोडू नका. फोन, लॅपटॉप नोंदणीकृत संकलकाकडे द्या. आपली माहिती कोणाच्या हाती पडेल या भीतीने जुने फोन कपाटात पडून राहतात. सगळे पुसून, फोन मूळ स्थितीत आणून द्या.

लिथियमच्या बॅटऱ्या सुक्या कचऱ्यात कधीच नकोत. गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा त्या चेचल्या जाऊन पेट घेतात. त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि वेगळ्या द्या. फुगलेली बॅटरी टोचू नका, चार्ज करू नका. जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून लवकरात लवकर संकलन केंद्रावर पोचवा.

जाळून मोकळे होणे

कचरा जाळला की नाहीसा झाल्यासारखा वाटतो. उघड्यावरच्या आगीचे तापमान कमी आणि असमान असते. पीव्हीसीसारख्या क्लोरीन असलेल्या वस्तू त्यात पडल्या की डायऑक्सिन तयार होतात, बारीक काजळी फुप्फुसात खोल जाते आणि राखेत जड धातू उरतात. डायऑक्सिन गवतावर बसतात, गवतातून जनावरांत आणि दुधातून माणसांत येतात. मोठ्या भट्टीसाठी युरोपीय संघाचा नियमच आहे की वायू 850 अंशांवर किमान दोन सेकंद राहिले पाहिजेत. अंगणातल्या आगीत ते होणे नाही. पालापाचोळा जाळण्यापेक्षा खतात घाला, त्यालाच तर सुका थर लागतो.

धारदार वस्तू आणि औषधे

फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर "काच" असे लिहा. सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात भरून वेगळ्या द्या. सुई सुक्या कचऱ्यात टाकणे म्हणजे कचरावेचकाला काविळीचा किंवा एचआयव्हीचा धोका पत्करायला लावणे. औषधे मोरीत ओतू नका, परत घेणारे दुकान किंवा दवाखाना शोधा.

नव्या प्रकल्पाला डोळे झाकून होकार

घरातले सगळे नीट केले तरी वस्तीच्या पातळीवर एक चूक राहतेच: कचरा "कुठेतरी" जावा, आपल्याला दिसू नये. हे "कुठेतरी" बहुधा ज्यांचा आवाज पोचत नाही अशांच्या दारात असते. 1982 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात वॉरन काउंटी इथे पीसीबी या विषारी औद्योगिक रसायनांनी दूषित माती पुरायचे ठरले. तिथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आणि गरीब होते. 500 हून अधिक आंदोलकांना अटक झाली, तरी माती तिथेच पुरली गेली. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की घातक कचऱ्याची जागा कुठे असेल याचा सर्वांत ठळक संबंध लोकांच्या वंशाशी होता.

दुसरी तितकीच मोठी चूक म्हणजे ज्यांना हे काम येते त्यांनाच वगळणे. कैरोमध्ये झब्बालीन समाज पिढ्यान् पिढ्या घरोघरी कचरा गोळा करत आला आणि त्यातला बहुतांश रिसायकल करत आला. अन्नकचरा त्यांची डुकरे खात. 2003 पासून परदेशी कंपन्यांना कंत्राटे मिळाली आणि हे लोक बाजूला सारले गेले. 2009 मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने डुकरेही मारून टाकली गेली. मग अन्नकचरा रस्त्यांवर कुजत पडू लागला.

तेव्हा तुमच्या परिसरात प्रकल्पाचा प्रस्ताव आला तर सुनावणीला जा आणि लेखी उत्तरे मागा. ढिगातून झिरपणारा काळा द्रव कुठे साठवणार आणि कुठे शुद्ध करणार? भट्टी असेल तर राख कुठे जाणार, आणि धुराची मोजणी कोण करणार? ते आकडे लोकांना दर महिन्याला पाहता येतील का? आसपासच्या विहिरींची तपासणी काम सुरू होण्याआधी झाली आहे का? पहिली नोंद नसेल तर पुढे पाणी बिघडल्याचे सिद्ध करता येत नाही. आणि आज या कचऱ्यावर ज्यांचे पोट आहे त्यांना नव्या व्यवस्थेत कोणते काम, किती मजुरी आणि कोणती संरक्षक साधने मिळणार, हे करारात लिहिले आहे का, तेही विचारा.