घरातला सर्व्हर रॅक: आधी वायरी, मग बाकीचं

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांत बऱ्याच ठिकाणी भिंती विटांच्या नसतात, मायवान साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. हॉलमधलं वाय-फाय आतल्या बेडरूमपर्यंत धापा टाकत पोचतं. म्हणून घरात सर्व्हर, म्हणजे घरच्या फायली सांभाळणारा सतत चालू कॉम्प्युटर, ठेवायचा असेल तर पहिला खर्च वायरीवर करा. ही यंत्रं बसवायचा चकचकीत रॅक नंतरही घेता येतो.

आता वायर न्यायची कुठून? मायवानच्या भिंतीत खाच पाडायची नाही, ती इमारतीचा भार पेलते. पण बिल्डरने टीव्हीसाठी खोल्याखोल्यांत पाइप टाकलेला असतो आणि त्यात केबलवाल्याची जुनी काळी वायर नुसती पडून असते. ती उपटून फेकू नका. तिच्या टोकाला कॅट सिक्स, म्हणजे नेटवर्कची वायर, बांधा, जोडावर टेप गुळगुळीत गुंडाळा, वरून टाल्कम पावडर चोळा. एकाने तिकडून जुनी वायर ओढायची, दुसऱ्याने इकडून नवी सोडत राहायची. आमच्याकडे सोडायचं काम सासूबाईंकडे होतं. ‘अगं, परकरात नाडी घालतेयस का? दमानं!’ असा दमही त्यांनीच भरला. पाइपात जागा असेल तर एकदम दोन वायरी ओढा. लाइटच्या वायरींच्या पाइपात मात्र नेटवर्कची वायर कधीच नको.

वायर लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर ठाण्यात, पण काउंटरवरच ब्लेडने एक तार खरवडून बघा. आतून चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. दुकानदार कितीही गोड बोलला तरी परत करा. असली तार पंच करताना, म्हणजे खाचेत दाबून बसवताना, तुटते आणि कॅमेऱ्याला त्याच वायरीतून वीज द्यायची असेल तर तापते.

वायरीच्या दोन्ही टोकांना आतल्या तारांच्या रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. भिंतीतली वायर थेट नेटवर्कच्या स्विचमध्ये (सगळ्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्यात) न खुपसता पॅच पॅनलवर (सॉकेटांच्या पट्टीवर) संपवा. उद्या स्विच बदलला तरी तिला हात लावावा लागत नाही.

रॅक 9 यूचा पुरतो. एक यू म्हणजे पावणेदोन इंच उंची. रुंदी 19 इंच ठरलेली. रॅक आत किती खोल आहे ते नीट बघा. भिंतीवरचे रॅक साधारण 450 ते 600 मिलिमीटर खोल असतात, त्यात कंपन्यांमधून निघालेला सेकंडहँड सर्व्हर मावत नाही. तो घेऊही नका, त्याचे पंखे रात्री झोपू देणार नाहीत. ट्रेवर मिनी पीसी आणि दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून फायली साठवायचा डबा) ठेवा. सगळं मिळून 40 वॅट धरलं तर महिन्याला 29 युनिटच्या आसपास पडतं.

जागा? माळा नको, तिथे मे महिन्यात भट्टी होते. बाथरूमला लागून असलेली भिंतही नको. पावसाळ्यात खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत सगळं सादळतं, म्हणून यंत्रं चालूच राहू द्या; गरम राहिली की कोरडी राहतात. मात्र त्या उबेला पाली येतात, तेव्हा मोकळ्या भोकांना बारीक जाळी लावा. काँक्रीटला हॅमर ड्रिल आणि अँकर बोल्टच हवेत. यूपीएस जड असतो, तो खाली जमिनीवर. रॅकच्या पत्र्याला अर्थिंग द्यायला इलेक्ट्रिशियन टाळाटाळ करतो. समोर उभं राहून करून घ्या.

शेवटी, घराबाहेरूनही सर्व्हर वापरायचा असेल तर राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडचा, पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात, पोर्ट फॉरवर्डिंगवर (राउटरमधून सर्व्हरपर्यंत वाट उघडण्यावर) वेळ घालवू नका. स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतःचा पत्ता) मागा, नाहीतर टेलस्केल (तुमच्या यंत्रांना आपसात खासगी जोडणारं अॅप) टाका.