सपाट गच्चीवर स्कायलाइट बसवताना या चुका टाळा

स्कायलाइट, म्हणजे उजेडासाठी छतात बसवलेली काचेची खिडकी, गळायला लागला की बहुतेकांचा हात आधी सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो. फ्रेमच्या कडेने जाड रेघ ओढली जाते, दोन-तीन सरी कोरड्या जातात आणि मोठ्या पावसात पाणी परत टपकतं. सपाट गच्चीवर पाणी रोखण्याचं खरं काम भोकाभोवती उभारलेला कठडा, म्हणजे कर्ब, आणि त्यावर चढवलेलं वॉटरप्रूफिंग करतं. सीलंट फक्त मदतीला असतं. कर्ब चुकला असेल तर वरून कितीही ट्यूबा रिकाम्या केल्या तरी गळती थांबत नाही, म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा कर्बला दिली आहे.

जागा न पाहता भोक पाडणं

सपाट म्हटली तरी गच्चीला ढाळ असतो, निदान असायला हवा. १:८० ते १:१०० म्हणजे दर मीटरला साधारण १० ते १२ मिमी. प्रत्यक्षात कुठेतरी खोलगट भाग राहतोच. चांगला पाऊस थांबल्यावर तासाभराने गच्चीवर जा आणि जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे खडूने आखून घ्या. त्या रेघांच्या आत स्कायलाइट नको. पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाजवळ नको, पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो पडतो तिथे नको, आणि गच्चीच्या कोपऱ्यालगतही शक्यतो नको, कारण कोपऱ्यांत आणि कडांना वारा वर उचलण्याचा जोर जास्त लावतो.

स्लॅब कापण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारणं हा उपचार म्हणून करायचा भाग नाही. भोक पाडताना सळया तुटतात. त्यांचा भार कुठे जाणार, भोकाभोवती जादा सळया किंवा खाली बीम लागेल का, हे आधी ठरलं पाहिजे. स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतील तर त्यांना हात लावायचाच नाही. कापायला ब्रेकर वापरू नका. ब्रेकरच्या धक्क्यांनी कडेच्या काँक्रीटला बारीक भेगा पडतात आणि पुढे पाणी त्याच भेगांतून झिरपतं. चारही कोपऱ्यांत आधी कोअर ड्रिलने गोल भोक घ्यावं आणि मग डायमंड कटरने सरळ कापावं. काटकोनी कोपऱ्यातून तिरपी भेग निघण्याची शक्यता त्यामुळे कमी होते.

कर्ब: सर्वाधिक घरं इथे चुकतात

पहिली चूक उंचीची. कर्ब गच्चीच्या तयार पृष्ठभागापासून किमान १५० मिमी वर हवा. इथे ‘तयार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, उघड्या स्लॅबवर २०० मिमीचा कर्ब उभा केला. त्यानंतर ९० मिमी कोबा (ढाळासाठी स्लॅबवर घातलेला विटांच्या तुकड्यांचा आणि मसाल्याचा थर) आला, टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून ३० मिमी गेले. उरले फक्त ८० मिमी. पाणी जायचं तोंड पानांनी तुंबलं आणि त्यावर वाऱ्याने पाणी ढकललं, तर ते सहज वर चढतं. या उदाहरणात कर्ब सुरुवातीलाच २७० मिमी हवा होता.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण काम पूर्ण झाल्यावर ती दिसत नाही. जुन्या गच्चीवर स्कायलाइट घालताना कर्ब थेट टाइलवर किंवा कोब्यावर बांधला जातो. टाइलच्या सांध्यांतून पाणी खाली उतरतच असतं आणि कोब्यात मुरलेलं असतं. ते पाणी कर्बच्या खालून सरळ भोकाच्या कडेला येतं. बाहेरून कर्बला लावलेलं वॉटरप्रूफिंग उत्तम असलं तरी उपयोग नाही, कारण पाणी त्याच्या तळातून शिरलेलं असतं. भोकाभोवतीचा कोबा मूळ स्लॅबपर्यंत फोडून काढा, स्लॅबचा पृष्ठभाग खरवडून धूळ पूर्ण साफ करा, सळयांचे तुकडे इपॉक्सीने बसवा आणि काँक्रीटचाच कर्ब ओता. विटांचा कर्ब मला पटत नाही. वीट पाणी शोषते आणि विटा व स्लॅब यांचा सांधा नेहमीच कमकुवत राहतो. नवं घर असेल तर कर्ब स्लॅबबरोबर एकदमच ओतता येतो आणि सांध्याचा प्रश्नच राहत नाही.

यानंतर वाटा. स्लॅब आणि कर्ब जिथे काटकोनात मिळतात तिथे मसाल्याचा साधारण ५० मिमीचा तिरपा किंवा गोलसर भरणा द्यावा. मेम्ब्रेन, म्हणजे वॉटरप्रूफिंगची चादर, काटकोनात दुमडलं की आत पोकळी राहते, ताण येतो आणि नेमकं तिथेच ते फाटतं. द्रवरूप कोटिंग असेल तर त्याच कोपऱ्यात ते पातळ बसतं. वाटा दिल्यावरही तिथे जाळीचा पट्टा घालून जादा थर द्यावा.

मेम्ब्रेन कर्बच्या बाजूवर अर्ध्यात सोडू नका. ते पूर्ण वर चढवून कर्बच्या माथ्यावरून आत वळवायचं आणि स्कायलाइटची फ्रेम त्याच्यावर बसवायची. बाजूवर उघडी राहिलेली कड उन्हाने सुटते आणि तिच्यामागून उतरणारं पाणी कुणाला दिसत नाही. पट्ट्यांचे सांधे ओहोळाच्या दिशेने, वरचा पट्टा खालच्यावर येईल असे घ्यावेत. कर्बच्या चार बाहेरच्या कोपऱ्यांवर मेम्ब्रेन कापावंच लागतं, त्यामुळे तिथे वेगळे तुकडे चिकटवणं अत्यावश्यक आहे. कारागीर घाईत असेल तर हेच चार तुकडे राहून जातात. तुम्ही स्वतः उभं राहून ते बघा.

स्कायलाइट रुंद असेल तर ढाळाच्या वरच्या अंगाला कर्बमागे पाणी थबकतं. तिथे दोन्ही बाजूंना उतरता छोटा उंचवटा करून पाणी फाकवावं.

ओलं काँक्रीट ही आणखी एक घाई. नव्या कर्बवर लगेच मेम्ब्रेन चिकटवलं की आतली वाफ त्याला फुगे आणते. साधारण ४५ सेंटिमीटरचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. खाली दव धरलं किंवा काँक्रीट काळपट झालं तर अजून थांबा.

फ्रेम आणि काच

काच अगदी आडवी ठेवली तर तिच्यावर पाणी आणि धूळ साचून राहते आणि कडेचं रबर कायम ओलं राहतं. ढाळ आधीपासून असलेला कर्ब किंवा फ्रेम निवडा. किती अंश लागतात हे उत्पादकाच्या पत्रकात असतं, त्यापेक्षा कमी ठेवू नका. आतल्या बाजूची काच लॅमिनेटेड असावी, म्हणजे फुटली तरी तुकडे मधल्या थराला धरून राहतात. डोक्यावरच्या काचेबाबत तडजोड करू नये. आणि गच्चीवर मुलं जात असतील तर स्कायलाइटवर जाळी किंवा भोवती रेलिंग हवंच. स्कायलाइटमधून खाली पडून माणसं दगावतात.

काचेऐवजी पॉलीकार्बोनेट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा, वापरणाऱ्यांनी प्रसरण विसरू नये. एक मीटर लांबीमागे एक अंश सेल्सियसला ते साधारण ०.०६५ मिमी वाढतं, काच जेमतेम ०.००९. थंड पहाट आणि तळपती दुपार यांत ४० अंशांचा फरक धरला, तर २ मीटरचा पत्रा ५ मिमीपेक्षा जास्त सरकतो, काच पाऊण मिमीसुद्धा नाही. म्हणून स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडायची, खाली ईपीडीएम रबराचा वॉशर घालायचा आणि स्क्रू करकचून आवळायचा नाही. आवळलेला पत्रा स्क्रूपाशी तडकतो. पोकळ नळ्यांचा पत्रा असेल तर नळ्या उताराच्या दिशेने ठेवा, वरचं टोक पूर्ण बंद करा आणि खालच्या टोकाला हवा जाणारी टेप लावा. अतिनील किरणांपासून संरक्षण असलेली बाजू आकाशाकडे हवी. ती उलटी बसवली तर पत्रा लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो.

फ्रेम कर्बला बाजूने स्क्रू मारून पकडावी. आडव्या पृष्ठभागावर वरून मारलेला प्रत्येक स्क्रू हे पाण्याला दिलेलं भोक असतं.

फ्रेमच्या खालच्या कडेला बारीक छिद्रं दिसली तर ती बुजवू नका. आत शिरलेलं थोडं पाणी आणि काचेवरून उतरणारं दव बाहेर जावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात. ती बुजवली की पाणी फ्रेममध्ये साठतं आणि घरात उतरतं.

सीलंटबद्दल थोडक्यात: व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन काँक्रीट आणि धातूवर नको, न्यूट्रल प्रकारचं घ्या. सांध्यात आधी फोमची दोरी घालून मग भरा, म्हणजे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतं आणि ताणलं जाऊ शकतं. डांबरी मेम्ब्रेनला पीव्हीसी किंवा ईपीडीएमचा थेट स्पर्श होऊ देऊ नका, ते एकमेकांना खराब करतात.

गळतं आहे, पण कुठून?

आधी वेळ बघा. पाऊस नसताना पहाटे थेंब पडत असतील तर ती गळती नसून दव आहे. रात्री काच आतून कोरडी पुसून ठेवा आणि पहाटे पाहा. खाली स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर असेल तर हे हमखास होतं. त्यावर दुहेरी काच, कर्बला बाहेरून उष्णतारोधक थर आणि वाफ बाहेर काढणारा पंखा हे उपाय आहेत.

पाऊस सुरू होताच काही मिनिटांत थेंब आले तर काच, रबर किंवा स्क्रू पाहा. पावसाबरोबर वारा असतानाच आले तर फ्रेम आणि कर्ब यांमधली फट. पाऊस थांबून काही तास उलटल्यावर सुरू झाले आणि दिवसभर राहिले तर पाणी कोब्यातून येत आहे, म्हणजे मामला कर्बच्या बुडाचा. छताला पांढरी बुरशीसारखी पूड धरली असेल तर पाणी काँक्रीटमधून वाहत आल्याची ती खूण आहे.

खात्री करायची तर स्कायलाइटचा वरचा भाग कर्बच्या माथ्यापर्यंत प्लास्टिकने झाकून घट्ट बांधा आणि पावसाची वाट पाहा. तरीही गळलं तर दोष वॉटरप्रूफिंगमध्ये आहे. थांबलं तर फ्रेममध्ये. पावसाची वाट पाहायची नसेल तर पाण्याची तोंडं बंद करून गच्चीवर २५ ते ५० मिमी पाणी २४ ते ४८ तास साठवा. पण वजन लक्षात घ्या: ४० चौरस मीटरवर ५० मिमी पाणी म्हणजे २ टन. स्लॅब जुनी असेल तर इंजिनीअरला विचारूनच हे करा. या चाचणीत फ्रेम तपासली जात नाही. तिच्यासाठी पाइपने पाणी मारा, सुरुवात कर्बच्या बुडापासून, प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटं, मग हळूहळू वर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

दोष सापडल्यावर दुरुस्तीआधी आधीच्या प्रयत्नांचं सिलिकॉन खरवडून, गरज पडल्यास घासून पूर्ण काढा. सिलिकॉनच्या पातळ थरावरही डांबर, पॉलीयुरेथेन किंवा ॲक्रिलिक कोटिंग धरत नाही, आणि नवं मेम्ब्रेन नेमक्या त्या ठिकाणी सुटतं.