सिंधुदुर्गातल्या आपल्या गावाची लोकसंख्या कशी काढायची आणि कुठलं काम कुठल्या ऑफिसात होतं

गणपतीला गावी आलेले चाकरमानी सुट्टीतले दोन दिवस ऑफिसांच्या फेऱ्यांत घालवतात आणि बऱ्याचदा दारच चुकलेलं असतं. म्हणून आधी एवढं पक्कं करा की जिल्ह्यात कारभाराच्या दोन वेगळ्या साखळ्या आहेत. जमिनीचं काम महसूलकडे, म्हणजे तलाठी, मग मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांताधिकारी आणि ओरोसला कलेक्टर. घरपट्टी, पाणी, पाखाडी म्हणजे वाडीतली पायवाट, गावातले जन्ममृत्यूचे दाखले हे जिल्हा परिषदेच्या बाजूला, ग्रामसेवक, पंचायत समितीत बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, वर सीईओ म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी. आता कागदोपत्री तलाठी म्हणजे ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवक म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी, पाटीवर तसं दिसलं तर गोंधळू नका.

सगळ्यात जास्त घोळ आठ नंबरचा होतो. आठ-अ म्हणजे जमिनीचा खातेउतारा, तो तलाठ्याकडे, आणि नमुना आठ म्हणजे घराच्या आकारणीचा उतारा, तो ग्रामपंचायतीत. कोणी नुसतं "आठचा उतारा आणा" म्हटलं तर तिथंच विचारून घ्या, जमिनीचा की घराचा. वारस नोंद करायची असेल तर अर्ज तलाठ्याकडे आणि फेरफार, म्हणजे उताऱ्यावरच्या नावातला बदल, मंजूर करतो मंडळ अधिकारी. मृत्यू मुंबईत झाला असेल तर दाखला मुंबई महापालिकेचाच लागतो, गावची ग्रामपंचायत तो देऊ शकत नाही, तेव्हा तो निघतानाच बॅगेत टाका.

आता लोकसंख्या. जनगणनेच्या सरकारी साइटवर २०११ चं सिंधुदुर्गचं जिल्हा जनगणना पुस्तक मिळतं, त्यात आठही तालुक्यांतली गावं आहेत, तालुका उघडून आपलं गाव शोधायचं. एक लक्षात ठेवा, आकडा महसुली गावाचा असतो, वाडीचा वेगळा मिळत नाही, आणि ग्रुप ग्रामपंचायत असेल तर तिच्यातल्या सगळ्या गावांची बेरीज आपणच करायची. नुसती लोकसंख्या बघून थांबू नका, शेजारी कुटुंबांची संख्या असते तिने भागून बघा. घरटी दोन-तीनच माणसं निघाली तर बरीच घरं म्हाताऱ्या आईवडिलांवर चाललीत असा अंदाज बांधता येतो, मग ते गावात विचारून खात्री करायची.

जिल्ह्याचं चित्रही तसंच आहे आणि मला ते खरंच काळजीचं वाटतं. २००१ ला ८,६८,८२५ माणसं होती, २०११ ला ८,४९,६५१ म्हणजे दहा वर्षांत एकोणीस हजारांवर कमी झाली, आणि हजार पुरुषांमागे १०३६ बायका, कारण पोरं कामाला मुंबई-पुण्याला किंवा गोव्याला. जनगणनेत माणूस जिथं राहतो तिथं मोजला जातो, त्यामुळे चाकरमानी मुंबईच्या आकड्यात जातो, गावात त्याचं घर असलं तरी. मतदार यादीत मात्र अजून गावाकडची बरीच नावं असतात, म्हणून यादी बघून लोकसंख्या धरू नका, दोन्ही आकडे जुळणार नाहीत.

या आकड्यावर बरंच काही अवलंबून असतं. ग्रामपंचायतीचे सदस्य लोकसंख्येवर ठरतात, १५०० पर्यंत ७, त्यापुढे ३००० पर्यंत ९ असं वाढत जातं, आणि वित्त आयोगाचा निधी वाटतानाही लोकसंख्येला मोठं वजन असतं. पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या हिशोबाने आहे, तोवर सगळीकडे २०११ चाच आकडा चालतो. मोजणीवाले येतील तेव्हा गावात कायम राहणारं एकही माणूस सुटू नये, विशेषतः डोंगरातल्या लांबच्या वाड्या आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. अशा घरांची यादी वाडीवार आत्ताच करून ग्रामसभेत वाचून घ्या आणि एक प्रत ग्रामसेवकाकडे देऊन पोच घ्या.