स्ट्रीम चार मिनिटांनी बंद पडतो? आधी क्वेरियर बघा

कॅमेऱ्याचा मल्टिकास्ट स्ट्रीम (एकाच वेळी अनेकांना जाणारा) छान चालतो आणि साधारण 260 सेकंदांनी गपकन बंद पडतो? मग व्हीलॅनमध्ये (स्विचवरच्या वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) आयजीएमपी क्वेरियर, म्हणजे ‘हा स्ट्रीम कुणाला हवा आहे?’ असं ठरावीक वेळाने विचारणारं उपकरण, नाही, हे जवळजवळ नक्की. विचारणाराच नसला की रिसीव्हर पुन्हा कळवत नाहीत आणि स्विच पोर्टची नोंद पुसतो (विचारण्यातलं 125 सेकंदांचं अंतर गुणिले 2, अधिक उत्तरासाठी 10 सेकंद). वैतागून स्नूपिंग (ज्यांनी मागितला त्याच पोर्टांवर स्ट्रीम सोडण्याची स्विचची सोय) बंद करू नका, सगळ्या पोर्टांवर स्ट्रीमचा पूर येईल. एकाच स्विचवर क्वेरियर चालू करा, त्या व्हीलॅनला आयपी पत्ता द्या.

स्ट्रीम दुसऱ्या व्हीलॅनमध्ये न्यायचा असेल तर मल्टिकास्ट राउटिंग चालू करून दोन्ही एसव्हीआयवर (स्विचमधल्या त्या व्हीलॅनच्या राउटिंग इंटरफेसवर) पिम स्पार्स मोड (मागणी असेल तिथेच मल्टिकास्ट पुढे नेणारा राउटिंग प्रोटोकॉल) लावा. तरीही जात नसेल तर पाठवणाऱ्याचा टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं याचा आकडा) तपासा. तो 1 असला तर पॅकेट राउटरपाशीच मरतं.

स्ट्रीमसाठी 239.0.0.5 सारखे ग्रुप (मल्टिकास्ट पत्ते) टाळा. त्याचा मॅक (हार्डवेअर पातळीवरचा पत्ता) राउटरांसाठी राखीव असलेल्या 224.0.0.5 चाच, म्हणून बरेच स्विच तो सगळीकडे सोडतात.