जमीन गेलेल्या गावाचे गाणे कसे रचावे

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्या गावांतील तरुण आज या इतिहासावर गाणी रचू पाहतात, पण बहुतेक वेळा पहिल्याच कडव्यात अन्याय, रक्त, संघर्ष आणि मशाल हे शब्द एकापाठोपाठ येतात आणि गाण्याचे भाषण होते. लोकगीत निकाल देत नाही. ते आधी काम सांगते, ते काम कोणी कसे थांबवले ते सांगते आणि निकाल ऐकणाऱ्यावर सोडते. म्हणून संपूर्ण इतिहास हाती न घेता त्या जमिनीवर चालणारे एखादेच काम निवडावे.

त्यासाठी गावातील वयस्क बायामाणसांकडे जावे, पण ‘तुमच्यावर काय अन्याय झाला?’ असे विचारू नये, कारण या प्रश्नाला सभेत ऐकलेलीच वाक्ये परत मिळतात. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध कोण घालत असे, उघाडी, म्हणजे बांधातले पाणी सोडण्या-अडवण्याचे दार, कोण सांभाळत असे, जिताडा मासा कुठे सापडे, मिठागरावर बायकांकडे कोणते काम असे, असे विचारावे आणि उत्तर मिळेल त्याच शब्दांत उतरवून घ्यावे. तारखा मात्र आठवणीवर सोडू नयेत. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला, त्यात पाच जण हुतात्मे झाले आणि याच लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. या गोष्टी गाण्यात घ्यायच्या असतील तर त्या लेखी नोंदींशी ताडूनच घ्याव्यात. चुकीचे साल एकदा चालीत बसले की ते निघता निघत नाही.

मग प्रकार ठरवावा. तारीख, ठिकाण, नावे आणि घटनाक्रम सांगायचा असेल तर पोवाड्याला पर्याय नाही, कारण त्यात शाहीर मध्ये थांबून गद्यात खुलासा करू शकतो आणि मागे सूर धरणारे झीलकरी तेवढ्या वेळात श्वास घेतात. २५ सप्टेंबर १९३० चा उरण तालुक्यातील चिरनेरचा जंगल सत्याग्रह अशाच मांडणीला साजेसा आहे. एका घराचे दुःख सांगायचे असेल तर मात्र ओवी घ्यावी. तिला सालाची गरज नसते. या भागातील आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण गाते तो धवळा अनेकांना खुणावतो, पण माझ्या मते त्यात गोळीबार घालू नये, कारण तो मांडवात, नवरीसमोर म्हटला जायचा असतो.

ओवी कशी घडते ते एका उदाहरणावरून पाहू. पहिला खर्डा साधारणपणे असा असतो: ‘अन्यायाच्या वरवंट्याने, चिरडला शेतकरी’. यात कोणते शेत, कोणता शेतकरी, काहीच दिसत नाही. ही ओळ कोणत्याही गावाला लागू पडते, म्हणून ती कोणत्याच गावाची नाही. आता बांधाचे काम धरून लिहिलेली ही ओवी पाहावी:

बांध घातला बापानं, खारं पानी आडवाया
खुंट्या मारल्या सायबानं, गेला कोन आडवाया?

यात एकही विशेषण रागाचे नाही. दोन्ही ओळी एकाच क्रियापदावर संपतात, पण पहिल्यात अडवायचे आहे ते पाणी आणि दुसऱ्यात मोजणीच्या खुंट्या, आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याला १९८४ ठाऊक आहे त्याला सांगावे लागत नाही. तिसऱ्या चरणात आठाऐवजी नऊ अक्षरे आहेत, याची चिंता करू नये. ओवीत एखादे अक्षर गळ्यात सामावते. अभंगाच्या चालीवर लिहीत असाल तर अशी सूट घेऊ नये.

बोलीचा उपयोग केवळ रंग भरण्यासाठी करू नये. प्रमाण मराठीत ‘काळ’ आणि ‘साल’ यांचे यमक जुळत नाही, आगरी बोलीत मात्र ‘ळ’चा ‘ल’ होत असल्यामुळे काल, साल, हाल अशी रांगच हाती लागते. अर्थात ही बोली ज्याच्या घरात बोलली जाते त्यानेच ती सहज वापरावी. बाहेरच्याने उसनी घेतली की दुसऱ्या ओळीत पितळ उघडे पडते. हेच निवेदकाबाबतही खरे आहे: १९४५ च्या वारली उठावावर, म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्यातील वेठबिगारी आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापोटी सावकाराकडे राबण्याची) पद्धत यांविरुद्धच्या लढ्यावर, लिहिणारा स्वतः वारली नसेल तर त्याने ‘मी’ होऊन गाऊ नये, ‘ऐकले’ असे म्हणून गावे.

चाल नवी बांधण्याच्या भरीस पडू नये. गावात आधीपासून म्हटली जाणारी चाल घेतली तर दुसऱ्या कडव्यापासून लोक साथ देऊ लागतात. खर्डा तयार झाला की कागद बाजूला ठेवून तो म्हणून पाहावा, आणि जी ओळ प्रत्येक वेळी विसरायला होते ती काढून टाकावी. बहुधा ती सुविचाराचीच असते. पोवाड्यात एखाद्या हुतात्म्याचे नाव घ्यायचे असेल, तर ते कडवे आधी त्याच्या घरच्यांना म्हणून दाखवावे आणि त्यांनी सुचवलेली दुरुस्ती यमक मोडले तरी करावी.